फोटो आपला, ओळख कुणी द्यायची?

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने मे 2025 मध्ये एक जुना वाद तडजोडीने मिटवला. वाद होता 1850 साली काढलेल्या काही फोटोंचा. सात गुलाम माणसांचे हे फोटो आहेत. रेन्टी आणि त्यांची मुलगी डेलिया, जॅक आणि त्यांची मुलगी ड्राना, शिवाय अल्फ्रेड, फसेना आणि जेम. विद्यापीठाने हे फोटो चार्ल्सटन शहरातल्या इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियमकडे सोपवायचं मान्य केलं. आपल्याकडच्या बातम्यांच्या गर्दीत ही बातमी सहज निसटून जाईल अशी. पण आमच्या मते ती मराठी मुसलमान घरांत वाचली जायला हवी, कारण प्रश्न आपलाही आहे: एखाद्याचा चेहरा जगासमोर आला, तर त्याची ओळख कुणी करून द्यायची?

फोटो कशासाठी काढले गेले?

लुई अगासीझ हे हार्वर्डचे नामवंत प्राध्यापक होते. माणसांचे वंश वेगवेगळे निर्माण झाले, सगळे एकाच आई-बापाची लेकरं नाहीत, असं त्यांचं मत होतं. ते सिद्ध करायला त्यांना पुरावा हवा होता. म्हणून साऊथ कॅरोलायनातल्या कोलंबिया गावी जोसेफ झीली या फोटोग्राफरच्या स्टुडिओत मळ्यांवरच्या गुलामांना आणण्यात आलं. त्यांचे कपडे उतरवले गेले आणि समोरून, बाजूने फोटो घेतले गेले. बापाचेही, मुलीचेही. नको म्हणायचा हक त्यांच्यापैकी कुणालाच नव्हता. फोटोंसोबत चिठ्ठ्या लावल्या: नाव, कुठल्या मालकाचा मळा, आफ्रिकेतली कुठली जमात. माणसाबद्दल एवढं पुरेसं मानलं गेलं.

1976 मध्ये हे फोटो हार्वर्डच्या पीबडी म्युझियमच्या माळ्यावर सापडले. नंतर ते पुस्तकांत छापले गेले, रेन्टींचा चेहरा तर एका मुखपृष्ठावरही आला. इकडे कनेक्टिकट राज्यात टमारा लेनिअर नावाच्या बाई लहानपणापासून आईच्या तोंडून 'पापा रेन्टी'च्या गोष्टी ऐकत आल्या होत्या. पापा रेन्टी स्वतःच्या हिमतीवर वाचायला शिकले, इतरांनाही शिकवलं, आणि तेही गुलामांना अक्षर शिकवणं गुन्हा होता त्या काळात. फोटोतले रेन्टी हेच आपले पूर्वज, असं सांगत लेनिअर यांनी 2019 मध्ये हार्वर्डवर दावा लावला. हे नातं खात्रीने सांगता येत नाही, अशी विद्यापीठाची भूमिका राहिली.

2022 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फोटोत कोण आहे यावरून फोटोची मालकी ठरत नाही. पण विद्यापीठाच्या वागण्याने झालेल्या मानसिक त्रासाचा दावा चालू ठेवायला परवानगी दिली. मालकीचा हा नियम आपल्याकडेही फार वेगळा नाही. भारतातल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा पहिला हक साधारणपणे काढणाऱ्याचा, किंवा पैसे देऊन काढून घेणाऱ्याचा. ज्याचा चेहरा आहे त्याला केवळ चेहरा त्याचा म्हणून तो हक मिळत नाही.

या प्रकरणात हार्वर्डकडे काचेत जपलेला चेहरा होता आणि लेनिअर यांच्या घरात गोष्ट होती. चेहऱ्याने सांगितलं, हा एक नमुना आहे. गोष्टीने सांगितलं, हा वाचणारा, शिकवणारा बाप आहे. एकाच माणसाच्या या दोन ओळखी पावणेदोनशे वर्षं वेगवेगळ्या राहिल्या.

आपल्याकडचा अल्बम

हे फक्त अमेरिकेत झालं असं नाही. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांना इथल्या प्रजेची 'माहिती' हवी होती. त्यातून 'द पीपल ऑफ इंडिया' हा ग्रंथ निघाला. 1868 ते 1875 या काळात त्याचे आठ खंड आले. त्यात साडेचारशेहून जास्त फोटो आणि प्रत्येक जमातीबद्दल टिपण होतं. कोण कष्टाळू, कोण भांडखोर, कुणावर विश्वास ठेवावा आणि कुणावर नाही, असे शेरे त्यात होते. त्यात हिंदू होते, मुसलमान होते, आदिवासी होते. बहुतेकांच्या फोटोखाली माणसाचं नाव नाही, जमातीचं नाव. त्याच सुमारास, 1871 मध्ये, जन्मावरून अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा आला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आपले छप्परबंद आजही आहेत, तो त्याच विचाराचा वारसा.

हा ग्रंथ लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये ठेवलेला होता. 1869 मध्ये सर सय्यद अहमद खान मुलांना घेऊन विलायतेला गेले, तेव्हा त्यांनी तो पाहिला. त्या प्रवासवर्णनात त्यांनी लिहिलेला एक प्रसंग प्रत्येक उर्दू-मराठी शिक्षकाने वर्गात सांगावा असा आहे. हिंदुस्थानात नोकरीला निघालेला एक तरुण इंग्रज तो ग्रंथ चाळत होता. त्याने सर सय्यद यांचे चिरंजीव सय्यद महमूद यांना विचारलं, तुम्ही हिंदुस्थानी का? महमूद यांनी हो म्हटलं, पण त्यांचा चेहरा शरमेने लाल झाला. मग त्यांनी घाईघाईने सांगितलं की आम्ही इथले मूळचे रहिवासी नाही, आमचे पूर्वज दुसऱ्या मुलखातून आले.

महमूद तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे होते. पुढे ते अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, मोठं काम केलं. त्यांना दोष द्यायला आम्ही हे सांगत नाही. पण त्यांच्या उत्तरात काय घडलं ते पाहा. अल्बम चुकीचा आहे, माणसं अशी मांडायची नसतात, असं त्यांनी म्हटलं नाही. 'आम्ही त्या फोटोतले नाही' एवढंच म्हटलं. बाकीचे सगळे फोटोतच राहिले.

हे उत्तर आपल्या घरांत अजून ऐकू येतं की नाही? आमचे पूर्वज अरबस्तानातून आले, ते लोक वेगळे. पिंजारी, तांबोळी, खाटीक, फकीर, शिकलगार यांच्याशी सोयरीक म्हटली की चेहरे कसे होतात, हे काय सांगायला हवं? बाहेरच्यांनी आपल्यावर लावलेल्या चिठ्ठीचा राग येतो, आणि आपण दुसऱ्यावर लावलेली चिठ्ठी दिसत नाही. सूरह अल-हुजुरातमध्ये सांगितलंय की माणसं एका पुरुष-स्त्रीपासून निर्माण झाली, आणि कौमी, कबिले एकमेकांना ओळखता यावं म्हणून आहेत. त्याच सूरहमध्ये एकमेकांना हिणवायला आणि वाईट नावांनी पुकारायलाही मनाई आहे. उर्दूतला 'तआरुफ' हा आपला रोजचा शब्द तिथल्याच मुळाचा. फोटोलाही हीच कसोटी लावावी: तो पाहून त्या माणसाचा तआरुफ होतो, की फक्त जमातीची चिठ्ठी वाचायला मिळते?

कॅमेरा ज्यांनी आपल्या बाजूने वळवला

अगासीझ यांनी ज्या कॅमेऱ्याने माणसांचे नमुने केले, त्याच कॅमेऱ्याचा वेगळा वापर त्याच काळातल्या काळ्या माणसांनी करून दाखवला. फ्रेडरिक डग्लस 1838 मध्ये मेरीलँडमधल्या गुलामगिरीतून पळाले आणि गुलामीविरुद्धच्या चळवळीचे मोठे नेते झाले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सगळ्यात जास्त फोटो ज्यांचे निघाले ते हेच. त्यांचे सुमारे 160 वेगवेगळे फोटो सापडले आहेत. नीट कोट, नीट केस, थेट नजर, आणि हसू जवळजवळ कुठेच नाही. त्या वेळच्या व्यंगचित्रांत काळा माणूस दात काढून हसणारा, मालकावर खूश असलेला दाखवायचे. डग्लस यांनी ते चित्र आपल्या चेहऱ्याने खोडलं. गोरे चित्रकार काळ्यांचे चेहरे मुद्दाम वाकडे करतात, अशी त्यांची तक्रार होती. यादवी युद्धाच्या काळात तर त्यांनी फोटो या विषयावरच व्याख्यानं दिली.

दुसऱ्या सोजर्नर ट्रुथ. याही गुलामीतून आलेल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या आपले छोटे फोटो विकून पोट आणि चळवळ दोन्ही चालवायच्या. डोळ्यांवर चष्मा, खांद्यावर शाल, हातात विणकाम. फोटोखाली आपल्या नावाने एक वाक्य छापलेलं, की देह जगवायला मी माझी सावली विकते. 1864 मध्ये त्यांनी या फोटोंचा कॉपीराइट स्वतःच्या नावावर नोंदवून घेतला. मघाशी कायद्याचा जो नियम सांगितला तो आठवा, म्हणजे या अनपढ बाईने काय केलं ते कळेल. चेहरा माझा, तर त्याखालची ओळ माझी आणि हकही माझाच.

उमर इब्न सईद यांची पंधरा पानं

ज्या चार्ल्सटनला रेन्टी-डेलियाचे फोटो सोपवायचं ठरलं, त्याच बंदरात 1807 मध्ये एक मुसलमान आलिम गुलाम म्हणून उतरवले गेले. त्यांचं नाव उमर इब्न सईद. आजच्या सेनेगलमधल्या फुता तोरो भागातले. पंचवीस वर्षं त्यांनी दीनी तालीम घेतली होती. नॉर्थ कॅरोलायनात त्यांची उरलेली जिंदगी गुलामीतच गेली. लोक त्यांना 'अंकल मोरो', 'प्रिन्स मोरो' म्हणायचे. ते आफ्रिकन नसून अरब राजपुत्र आहेत, असंही पसरवलं गेलं. कारण शिकलेला माणूस काळा आफ्रिकन असू शकतो, हे मान्य करायचं नव्हतं.

त्यांचा एक फोटो आहे. म्हातारे, गंभीर, कॅमेऱ्यासमोर बसलेले. त्याच्या जुन्या नोंदीत नाव आहे 'अंकल मॅरियन'. म्हणजे चेहरा उरला आणि नाव गेलं. पण उमर यांनी 1831 मध्येच पंधरा पानांत आपली हकीगत अरबीत लिहून ठेवली होती. ती सुरू होते सूरह अल-मुल्कने, ज्यात सगळी मालकी अल्लाहची आहे असं सांगितलंय. गुलामाने मालकाच्या घरात बसून पहिली गोष्ट लिहिली ती मालकी कुणाची याबद्दल. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हे हस्तलिखित 2017 मध्ये मिळवलं आणि 2019 पासून ते कुणालाही ऑनलाइन बघता येतं. आज जगभर 'अंकल मॅरियन'च्या फोटोखाली उमर इब्न सईद हे नाव लिहिलं जातं, त्यामागे या पंधरा पानांचा मोठा हात आहे. मुलांना शिका, लिहा असं आपण रोज सांगतो. त्याला यापेक्षा चांगला दाखला आम्हाला माहीत नाही.

आधी बोला, मग फोटो

गॉर्डन पार्क्स हे काळे फोटोग्राफर 1942 मध्ये सरकारी कामासाठी वॉशिंग्टनला आले. तिथे दुकानात, हॉटेलात, थिएटरात त्यांना रंगावरून नाकारलं गेलं. ते संतापले. वरिष्ठ रॉय स्ट्रायकर यांनी त्यांना सांगितलं, याच इमारतीत झाडू मारणाऱ्या बाईंशी जाऊन बोला. त्या बाई म्हणजे एला वॉटसन. पार्क्स यांनी त्यांची कहाणी ऐकली आणि मग त्यांना अमेरिकेच्या झेंड्यासमोर, एका हातात झाडू देऊन उभं केलं. तो फोटो जगप्रसिद्ध झाला. पण पार्क्स तिथे थांबले नाहीत. पुढे अनेक दिवस ते त्यांच्या घरी, मोहल्ल्यात, चर्चमध्ये जात राहिले, सांभाळलेल्या नातवंडांसोबत त्यांचे फोटो काढत राहिले. एका फोटोत त्या अन्यायाचं प्रतीक होत्या, बाकीच्या फोटोंत एला वॉटसन. हेच पार्क्स पुढे 1963 मध्ये 'लाइफ' मासिकासाठी माल्कम एक्स यांच्यासोबत राहून फोटो काढू शकले, यात आश्चर्य नाही.

माणूस प्रतीकच राहिला तर काय होतं, हे आपल्या देशात एका माणसाने भोगलंय. 2002 च्या गुजरात दंगलीत हात जोडलेले, डोळ्यांत पाणी असलेले कुतुबुद्दीन अन्सारी. रॉयटर्सचे अर्को दत्ता यांनी काढलेला तो फोटो सगळ्यांना आठवतो. अन्सारी शिलाईकाम करणारे. ते बहिणीकडे आपल्या मालेगावला आले, काम मिळालं, पण पेपरात तो फोटो दिसला आणि काम गेलं. मालकाला झंझट नको होती. पुढे कोलकाता गाठलं, मग पुन्हा अहमदाबाद. राजकीय पक्षांनी तो फोटो प्रचारात वापरला, त्याला त्यांनी जाहीर हरकत घेतली. मला त्या क्षणातून बाहेर पडू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. दंगलीचा पुरावा म्हणून त्या फोटोची किंमत आम्ही कमी लेखत नाही. तो निघाला नसता तर बरंच काही नाकारलं गेलं असतं. पण तो फॉरवर्ड करणाऱ्यांत आपणही होतो, आणि आपल्यातल्या कितीजणांना त्यांचं नाव माहीत होतं?

त्याच दंगलीतला दुसरा फोटो, कपाळाला भगवी पट्टी, हात वर केलेले अशोक मोची. ते दलित, चपला शिवणारे. 2014 मध्ये हे दोघे केरळात एका व्यासपीठावर आले. 2019 मध्ये अशोक यांच्या अहमदाबादच्या चपलांच्या दुकानाचं उद्घाटन अन्सारी यांनी केलं. दोन पोस्टरांमधून दोन माणसं बाहेर आली, तीही एकमेकांशी बोलल्यामुळे.

आता आपला मोबाइल

मुसलमानांवरची कुठलीही बातमी असो, पाठमोरा बुरखा किंवा जाळीदार टोपीचा फोटो लावून मोकळे होतात, ही आपली तक्रार खरी आहे. ती करत राहू. पण रमजानमध्ये आपल्याच मोहल्ल्यातले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा. राशन किट घेणारी बेवा. मागे बॅनर, बॅनरवर देणाऱ्याचं नाव आणि हसरा फोटो. घेणारीची मान खाली, नाव नाही. शिलाई मशीन वाटप, इज्तेमाई निकाह, फीस भरलेली यतीम मुलं, सगळीकडे हीच मांडणी. ज्याने दिलं त्याचा तआरुफ, ज्याने घेतलं तो नमुना. सूरह अल-बकरामध्ये उपकार दाखवून आणि मन दुखावून सदका वाया घालवू नका असं बजावलंय, ते आपण जुम्याला ऐकतो आणि शनिवारी फोटो टाकतो.

संस्थांची अडचण आम्हाला ठाऊक आहे. देणगीदार पुरावा मागतात, हिशेब दाखवावा लागतो. त्यासाठी बिलं आहेत, सह्यांची यादी आहे, थैल्यांचा फोटो आहे. चेहरा लागतोच असं नाही. 'आम्ही विचारूनच फोटो काढतो' असंही सांगितलं जातं. पण रांगेत उभं करून, हातात थैली द्यायच्या क्षणी विचारलं, तर नाही कोण म्हणेल? गरजवंताच्या अशा होकाराला होकार म्हणता येत नाही. विचारायचंच असेल तर आधी, घरी जाऊन, आणि 'नाही म्हटलंत तरी किट मिळेल' हे स्पष्ट सांगून. लहान मुलांचे चेहरे तर नकोतच.

काही घरांत फोटोच नको ही भूमिका असते. त्याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, तो विषय त्यांचा. पण एखाद्याचा नकार मानणं हाही न्यायाचाच भाग आहे. चेहरा न दाखवताही गोष्ट सांगता येते: सुईदोरा धरलेले हात, आजोबांचं पिंजण, जुनी हातगाडी, आणि खाली त्यांच्याच शब्दांत चार ओळी.

शाळांनी, मदरशांनी, तरुणांच्या मंडळांनी या सुट्टीत एक काम घ्यावं, असं आम्ही सुचवतो. प्रत्येक मुलाने घरातल्या किंवा शेजारच्या एका वयस्कर माणसाशी तासभर बोलावं. तुमचं नाव कुणी ठेवलं, कुठलं काम शिकलात, मोहल्ला आधी कसा होता, लोक तुम्हाला काय म्हणून ओळखतात आणि तुम्हाला कसं ओळखलं जावंसं वाटतं, हे विचारावं. फोटो काढायचा असेल तर कुठे बसायचं, काय घालायचं ते त्यांनी ठरवावं. उर्दूत किंवा मराठीत एक पान लिहावं, त्यांना वाचून दाखवावं, त्यांनी खोडलं ते खोडावं. एकच अट ठेवावी: निम्मी माणसं आपल्या बिरादरीबाहेरची हवीत. पिंजाऱ्याच्या मुलाने सय्यदांच्या आजीकडे जावं, सय्यदांच्या मुलीने छप्परबंदांच्या वस्तीत. शेजारच्या दलित, मराठा, ख्रिस्ती घरांतही जावं.

रेन्टींची गोष्ट त्यांच्या घराने तोंडी जपली, म्हणून आज ती त्यांच्या चेहऱ्याशेजारी मांडता येते. आपल्या मोहल्ल्यातली अशी किती म्हातारी माणसं दरवर्षी जातात, आणि त्यांच्यामागे फक्त आधार कार्डावरचा फोटो उरतो. या सुट्टीत त्यांच्यापैकी चार-दोघांकडे तरी आपली मुलं पोहोचावीत.